ऊर्जा तयार होते, पण जाते कुठे?



विषय जरा आडवळणाचा आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो: आज जादूबद्दल लिहितोय. घाबरू नका, मला कोणी बाधा केलेली नाही. :-)

आपल्याकडे जादू म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांचे रंगमंचावरचे प्रयोग, शाळेच्या सुट्टीत तिकीट काढून पाहायचे. दुसरी म्हणजे करणी, भानामती, उतारा, तिठ्यावरचं लिंबू. इथे इंग्लंडात एक तिसरा प्रकार भेटतो. चांगल्या नोकऱ्या करणारी, घराचे हप्ते भरणारी माणसं वीकेंडला एखादा हॉल भाड्याने घेतात (हो, आपण गणपतीला घेतो तसाच), गोलात उभी राहतात आणि विधी करतात. ॲलिस्टर क्रॉली (१८७५-१९४७) या गाजलेल्या आणि बदनाम झालेल्या गृहस्थाने रंगमंचावरच्या मॅजिकपासून वेगळेपण दाखवायला स्पेलिंगच्या शेवटी एक जादा 'के' लावला. तेव्हापासून हे लोक तो 'के' लावतात. या लेखात 'मॅजिक' म्हणेन तिथे हा 'के'वाला प्रकार समजावा.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. त्यामुळे कोणी 'ऊर्जा' म्हटलं की "युनिट काय?" असं विचारायची वाईट सवय आहे. मॅजिकवाल्यांच्या तोंडी तर 'एनर्जी' हा शब्द दर दुसऱ्या वाक्याला असतो. एकट्याने केलं तर थोडी, गोलात केलं तर कितीतरी पट. हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण खरं सांगा, हॉलमध्ये दीडशे माणसांनी एका ठेक्यात टाळ्या वाजवत आरती धरली की अंगावर काटा येतो की नाही? घरी एकट्याने तीच आरती म्हटली तर येतो का? मग तो काटा कुठून आला, आणि त्यातून नक्की घडतं काय? माझा प्रश्न एवढाच आहे.

थोडा इतिहास. १८८८ साली लंडनमध्ये 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' नावाची गुप्त संस्था निघाली. विल्यम विन वेस्टकॉट, मॅकग्रेगर मॅदर्स आणि विल्यम वुडमन हे तिचे तीन संस्थापक, तिघेही फ्रीमेसन. आजच्या पाश्चात्त्य मॅजिकमधला बराचसा साचा या संस्थेतून आला आहे. चार दिशांना वंदन, वर्तुळ आखणं, नावं घेऊन आवाहन करणं, शेवटी सगळ्यांना निरोप देणं. आपल्या पूजेशी ताडून पाहा: दिग्बंध, आवाहन, उत्तरपूजा. आणि हे साम्य सगळंच योगायोगाचं नाही. थिऑसॉफिकल सोसायटीची ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट ही मंडळी १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिली होती, गिरगावात. त्यांच्या वर्तुळातून भारतीय कल्पना लंडनला पोचल्या, आणि गोल्डन डॉनच्या अभ्यासक्रमात आपली पंचतत्त्वं 'तत्त्व' याच नावाने येऊन बसली. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी यांच्या रंगीत आकृत्यांची कार्डं करून ते लोक त्यांवर ध्यान करायचे.

या संस्थेत १८९० मध्ये एक तरुण कवी दाखल झाला. विल्यम बटलर यीट्स, ज्याला पुढे १९२३ चं नोबेल मिळालं. (जाता जाता: म्हातारपणी याच यीट्सने आपल्या वऱ्हाडातल्या बडनेऱ्याच्या श्री पुरोहित स्वामींबरोबर दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९३७ मध्ये आलं.) यीट्स सभासद म्हणून हौशी नव्हता, मनापासून होता. त्यामुळेच संस्था फुटायला लागली तेव्हा त्याने जे म्हटलं ते मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं.

फुटण्याची गोष्ट मजेदार आहे. मॅदर्स पॅरिसला राहून लंडनवर हुकूमशाही गाजवत होता. १९०० च्या एप्रिलमध्ये लंडनकरांनी बंड केलं. तेव्हा मॅदर्सने हॅमरस्मिथच्या ब्लाइथ रोडवरची जागा ताब्यात घ्यायला आपला दूत पाठवला. दूत कोण, तर आपला 'के'वाला क्रॉली. स्कॉटिश वेश, तोंडावर काळा मुखवटा! इकडे यीट्स आणि मंडळी दाराशी उभी. शेवटी पोलीस बोलवावे लागले. परदेशातलं कुठलंही मराठी मंडळ दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर तिथल्या सभासदांना यात नवीन काही वाटणार नाही. फक्त मुखवटा सोडून.

पण खरं भांडण त्यानंतरचं. फ्लॉरेन्स फार नावाची अभिनेत्री संस्थेची प्रमुख सभासद होती. तिने आतल्या आत निवडक लोकांचा एक छोटा गट केला होता. हे लोक ठरलेल्या वेळी, आपापल्या घरी बसून, एकाच आकृतीवर ध्यान करायचे. यीट्सने त्याला कडाडून विरोध केला. १९०१ मध्ये त्याने खास सभासदांसाठी एक पुस्तिका छापली. तिचा मुद्दा थोडक्यात असा: मॅजिक करणारी संस्था ही केवळ नावांची यादी नसते, ती एक जिवंत गोष्ट असते. माणसं वारंवार एकत्र येऊन एकाच गोष्टीवर मन लावतात तेव्हा त्यातून एक स्वतंत्र व्यक्तिमत्त्व तयार होतं. आता संस्थेच्या पोटात दुसरा गुप्त गट काढलात, तर त्याचंही वेगळं व्यक्तिमत्त्व तयार होणार, आणि ते मूळच्याला पोखरणार.

यीट्सची बाजू मतदानात पडली. त्याने पद सोडलं. पण त्याने जी गोष्ट सांगितली तिला मॅजिकवाल्यांकडे आज 'एग्रेगोर' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जागा राहणारा'. गट झोपला तरी तो जागा असतो, अशी कल्पना. पटो न पटो, निरीक्षण अचूक आहे. तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक टीमचा एक स्वभाव असतो. दोन-चार माणसं बदलली तरी तो टिकतो, आणि नवा माणूस महिन्याभरात त्याच सुरात बोलायला लागतो. तो स्वभाव कोणा एकाचा नसतो. मग कोणाचा?

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. लंडनच्या बेजवॉटर भागात डायन फॉर्च्यून नावाची बाई (खरं नाव व्हायोलेट फर्थ) 'इनर लाइट' ही संस्था चालवत होती. पेट्रोलचं रेशन, रात्री ब्लॅकआउट, सभासद देशभर विखुरलेले. एकत्र जमणं अशक्य. मग तिने पत्रं पाठवायला सुरुवात केली. दर आठवड्याला एक पत्र, त्यात ध्यानाचा विषय. लंडनला काही ज्येष्ठ सभासद ठरलेल्या वेळी गोलात बसणार, बाकीच्यांनी त्याच वेळी आपापल्या घरी लंडनकडे तोंड करून बसायचं. १९४० मध्ये त्यांच्या इमारतीवरच बॉम्ब पडला, पण पत्रं चालू राहिली. पुढे १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

गंमत म्हणजे या पत्रांत 'हिटलर मरो' छापाचं काही नाही. भर कशावर, तर भीती पसरू न देण्यावर. देशाच्या सामूहिक मनात धैर्याची चित्रं उभी करायची, ती लोकांपर्यंत झिरपतील, असा तिचा हिशोब.

त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात दुसरा गट होता, असं जेरल्ड गार्डनर सांगतो. हा गार्डनर आयुष्यभर सिलोन-मलायात नोकरी करून परतलेला पेन्शनर, म्हणजे तोही एका अर्थाने परत आलेला एनआरआयच. त्याच्या म्हणण्याप्रमाणे १९४० च्या उन्हाळ्यात चेटकिणींनी जंगलात वर्तुळ करून, नाचून, "तू समुद्र ओलांडू शकणार नाहीस" असा एकच विचार हिटलरच्या दिशेने सोडला. या प्रसंगाला स्वतंत्र पुरावा नाही, आणि इतिहासकार त्याकडे साशंकपणेच बघतात. पण १९५१ मध्ये ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं, आणि त्यातून 'विक्का' नावाचा पंथ जगभर पसरला. त्यांच्याकडे गटाच्या ऊर्जेला नाव आहे 'कोन ऑफ पॉवर'. शक्तीचा शंकू. गोलात फिरत, गात, वेग वाढवत न्यायचा. पाया म्हणजे वर्तुळ, टोक वर मध्यभागी. ताण शिगेला पोचला की पुढारी बाई खूण करते आणि सगळे एकदम सोडून देतात. शंकू 'सुटतो'.

हे सगळं पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षही एकदा पाहिलं. ऑफिसात टेस्टिंगमध्ये माझी एक सहकारी आहे, गेली कित्येक वर्षं विक्कन. डेस्कवर देवीची छोटी मूर्ती, मॉनिटरला स्टिकर. दिवाळीत मी चकल्या नेल्या की ती शास्त्र विचारते, म्हणून मीही तिला विचारतो. तिने एकदा त्यांच्या खुल्या विधीला बोलावलं. खुला म्हणजे दीक्षा न घेतलेल्यांनाही चालतो तो. जागा: गावाबाहेरचा स्काउटचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीला रचलेल्या, किचनमध्ये चहाची किटली. वातावरण थेट आमच्या कोजागिरीचं. पंचवीसेक माणसं. एक नर्स, एक बसचालक, दोन कॉलेजची पोरं, एक निवृत्त शिक्षिका आणि मी.

आधी सगळ्यांना विचारलं गेलं, आज कशासाठी जमलोय. म्हणजे आपला संकल्पच. त्यांच्यातल्या एकीची नोकरी गेली होती, तिला बळ मिळावं हा त्या दिवसाचा विषय. मग चार दिशांना चार जणांनी नमस्कार केला. हातात हात धरले. ढोल सुरू झाला, दोन ओळींचं एक गाणं, पुन्हा पुन्हा. पहिली पाच मिनिटं मी मनात घड्याळ बघत होतो. दहाव्या मिनिटाला माझा पाय आपोआप ठेक्यात पडायला लागला. पंधराव्या मिनिटाला कोण गातंय आणि कोण नाही हे कळेनासं झालं, आवाज मधूनच कुठून तरी येत होता. मग ढोल थांबला. एकदम शांतता. हाताच्या तळव्यांना मुंग्या, डोळ्यांत पाणी, आणि समोरच्या अनोळखी बसचालकाबद्दल उगाचच आपुलकी. भजनी मंडळात ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पुढारी बाई म्हणाल्या, आता सगळ्यांनी खाली वाका आणि दोन्ही तळहात जमिनीला टेका. उरलेलं तिथे सोडा. मग चार दिशांना निरोप, वर्तुळ उघडलं, आणि प्रत्येकाच्या हातात बिस्किट आणि ज्यूस. सहकारीने कानात सांगितलं, "खाल्ल्याशिवाय गाडी चालवायची नाही, हा नियम आहे." इलेक्ट्रॉनिक्सवाल्या माणसाला अर्थिंगचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

आता "युनिट काय?" या प्रश्नाकडे.

गटाच्या ऊर्जेवरचा पहिला चोख प्रयोग केला मायकेल फॅरेडेने. होय, तोच, आपल्या इंडक्शनवाला. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड होतं. चार-सहा जण टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल सरकायचं. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतलं प्लँचेट याच घराण्यातलं. फॅरेडेने टेबल आणि हात यांच्यामध्ये थर ठेवले, मध्ये काचेच्या दांड्या रोलरसारख्या घातल्या आणि काडीचा एक काटा जोडला. टेबलाने हात ओढले तर काटा एकीकडे वळणार, हातांनी टेबल ढकललं तर दुसरीकडे. काटा वळला तो हातांच्या बाजूने. म्हणजे माणसंच ढकलत होती. पण प्रामाणिकपणे, नकळत! आणि काटा सगळ्यांना दिसेल असा ठेवल्यावर टेबल हलायचं बंद झालं.

दुसरा प्रयोग १९७२ चा, टोरोंटोचा. आयरिस ओवेन यांच्या पुढाकाराने आठ जणांनी मिळून एक भूतच लिहून काढलं. फिलिप नावाचा सतराव्या शतकातला इंग्रज सरदार, त्याची बायको, प्रेमप्रकरण, आत्महत्या, सगळं काल्पनिक. इतिहासाच्या चुका मुद्दाम घातलेल्या. मग त्याच्यावर ध्यान लावून बसले. वर्षभर काही झालं नाही. मग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ केनेथ बॅचेलडर यांच्या कामावरून त्यांनी पद्धत बदलली: गंभीर ध्यान बंद, गाणी म्हणा, विनोद करा, फिलिपशी गप्पा मारा. आणि टेबलातून टकटक सुरू झाली. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. फिलिपची उत्तरं त्यांनी लिहिलेल्या कथेशी जुळायची. काटेकोर नियंत्रणाखाली हे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, आणि फॅरेडेचा काटा तिथे कोणी लावला नव्हता. पण आठ शहाणी माणसं, स्वतःच लिहिलेल्या खोट्या भुताशी, हसतखेळत बोलत होती. यीट्सचं 'स्वतंत्र व्यक्तिमत्त्व' याहून स्पष्ट कुठे दिसणार?

मग हे सगळं मनाचेच खेळ म्हणून सोडून द्यायचं का? तर नाही, कारण शरीरात मोजता येईल असं काही घडतं. २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या १२ वल्हवणाऱ्या खेळाडूंना व्यायामाच्या मशीनवर कधी एकेकटं आणि कधी एकत्र वल्हवायला लावलं. मेहनत तेवढीच, पण एका लयीत एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची त्यांची क्षमता जास्त भरली. शरीरातल्या वेदनाशामक एंडॉर्फिनचा तो परिणाम असावा, असा अंदाज. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात निखाऱ्यांवरून चालण्याच्या उत्सवात लोकांच्या छातीला यंत्रं लावून हृदयाचे ठोके मोजले. चालणाऱ्याचे ठोके जसे चढत-उतरत होते, तसेच बघत बसलेल्या त्याच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे. आणि शेजारीच बसलेल्या परक्या प्रेक्षकांचे? नाही. दृश्य तेच, अंतर तेच. जुळले ते फक्त आपल्या माणसांचे ठोके.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्येच हे हेरलं होतं. समूहात येणाऱ्या त्या उधाणाला त्याने नाव दिलं, आणि म्हणाला की माणसांना जी शक्ती बाहेरून आल्यासारखी वाटते ती त्यांच्या एकत्र येण्यातूनच आलेली असते.

तर माझ्यापुरतं उत्तर असं आहे: ऊर्जा तयार होते, खरी होते, पण ती वर्तुळाच्या बाहेर जात नाही. आत उभ्या असलेल्या माणसांमध्येच जाते. हिटलरला न्यू फॉरेस्टमधून काही पोचलं याचा पुरावा नाही. पण बॉम्ब पडत असताना डायन फॉर्च्यूनच्या सभासदांना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आपण एकटे नाही हे ठाऊक होतं. ते पोचलंच.

हे नुसतं तात्त्विक नाही, हे सांगायला अलीकडचा एक अनुभव. आमच्या मंडळातल्या एका काकांची बायपास ठरली. कोणीतरी सुचवलं, ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या घरून अथर्वशीर्षाची आवर्तनं करू. झालं, दोन तट पडले. एक म्हणे श्रद्धा आहे, दुसरा म्हणे ही अंधश्रद्धा. आणि या गदारोळात काकूंचा मला फोन. "अरे, तू हे सगळं वाचत असतोस ना? मग सांग, ह्यांना सांगू की नको?"

प्रश्न लाखमोलाचा होता, कारण नेमकं हेच तपासलेलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी प्रार्थना-गटांनी रुग्णांसाठी प्रार्थना केली. ज्यांना "होईल किंवा होणार नाही" एवढंच सांगितलं होतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक शून्य. पण "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे" असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात ५९ टक्के! एक शक्यता अशी मांडली गेली की रुग्णाला वाटलं असेल, आपली अवस्था इतकी वाईट आहे की प्रार्थनेला माणसं लावावी लागली?

मी काकूंना आकडे सांगितले, आणि एक फरकही सांगितला. तिथे प्रार्थना करणारे अनोळखी होते, रुग्ण वर्तुळाच्या बाहेर होता. "काकू, त्यांना लांबून काही पाठवू नका. त्यांना आत घ्या." काकूंनी काकांना सरळ विचारलं. काका म्हणाले, "मला टेबलावर काय ऐकू येणार आहे? त्यापेक्षा आदल्या रविवारी घरी या, आणि मलाही म्हणू द्या."

एकोणीस माणसं त्या लिव्हिंग रूममध्ये बसली. एकवीस आवर्तनं झाली. काकांचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही. आपल्याकडे पुण्याला ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. जे अंधश्रद्धा म्हणत होते तेही आले. म्हटलं नाही त्यांनी काही, स्वयंपाकघरात कॉफी केली. आणि प्रसाद खाता खाता, कोणी न सांगता, फ्रिजवर एक कागद लागला: हॉस्पिटलला कोण नेणार, डबा कोण देणार, काकूंच्या सोबतीला रात्री कोण. कॉफी करणाऱ्याने मंगळवारचं ड्रायव्हिंग घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. श्रेय सर्जनचं, त्यात वाद नाही. पण सहा आठवडे त्या कागदावरची एकही पाळी चुकली नाही. ज्या मंडळात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी खुर्च्या लावायला माणूस मिळत नाही, त्या मंडळाची ही गोष्ट. मला विचाराल तर हेच ते युनिट.

एक बाजू राहिली, आणि ती गोड नाही. हेच इंजिन उलटंही चालतं. डायन फॉर्च्यून ज्याच्याविरुद्ध बसत होती त्याला हे तंत्र तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. १९३० च्या दशकातले न्यूरेम्बर्गचे मेळावे आठवा. रात्रीची वेळ, आकाशात उभे सोडलेले शंभराहून जास्त सर्चलाइट, लाखो कंठ, एक घोषणा. तिथल्या माणसांच्या अंगावरही काटाच आला असणार, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा. काटा आला म्हणजे काम चांगलंच आहे, असं होत नाही. काटा फक्त सांगतो की मशीन चालू आहे. गिअर कुठला टाकलाय हे वेगळं बघावं लागतं.

आपल्या महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्या कायद्याचा रोख कोणाच्या श्रद्धेवर नाही. भीती घालून लुबाडणं, अघोरी उपायांनी इजा करणं, यांवर आहे. मला ती सीमारेषा योग्य वाटते, आणि परदेशात ती जास्त लक्षात ठेवायला हवी. इथे आपण एकटे असतो, आणि एकट्या माणसाला वर्तुळाची ओढ जास्त. 'एनर्जी' विकणारे, कोर्सच्या पायऱ्या विकणारे, आणि "आमच्यात आलास की जुने मित्र सोड" म्हणणारे लोक नेमके अशांनाच हेरतात.

म्हणून कुठल्याही गोलात उभं राहण्याआधी, मग तो ध्यानाचा असो, भजनाचा, विक्काचा की कंपनीच्या मोटिव्हेशन कॅम्पचा, मी चार गोष्टी बघतो. संकल्प आधी आणि उघड सांगितला जातो का? मधूनच उठून जायला दार उघडं आहे का, आणि गेलेल्या माणसाबद्दल मागे काय बोललं जातं? पैसे आणि निर्णय एकाच माणसाच्या हातात जातात का? आणि शेवटी वर्तुळ नीट मोडतात का? म्हणजे हात जमिनीला टेकवून, पोटात काहीतरी घालून, माणसाला परत त्याच्या घरी, त्याच्या बायकापोरांत, सोमवारच्या स्टेटस मीटिंगमध्ये सोडतात की नाही? जे गोल मोडू देत नाहीत त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो.

आपल्याकडे हे शहाणपण किती जुनं आहे बघा. दहा दिवस ज्याच्यापुढे नाचलो, ज्याच्यात सगळ्यांनी मिळून प्राण भरले, त्याला आपण आपल्याच हाताने पाण्यात सोडतो, वाटली डाळ खातो आणि घरी येतो.

असो. लेख लांबला. चू.भू.द्या.घ्या.

आपला,
रेडिंग, इंग्लंड